हात, दांडा आणि आकडा

हडपसरचे ग्लायडिंग केंद्र पुणेकरांना चांगले परिचित आहे. ग्लायडर म्हणजे इंजिन नसलेले विमान. मैदानाच्या एका टोकाला ग्लायडर उभे असते, दुसऱ्या टोकाला विंच, म्हणजे इंजिनावर फिरणारा एक मोठा रहाट असतो. दोघांमध्ये लांबलचक दोर. रहाट दोर झपाट्याने गुंडाळू लागला, की ग्लायडर धावू लागते आणि पतंगासारखे वर चढते. पुरेशी उंची गाठल्यावर वैमानिक दोर सोडतो, आणि मग उरते ती फक्त वाऱ्याची सळसळ.

अशा वेळी वैमानिकाचे हातपाय काय करीत असतात? उजव्या हातात एक दांडा असतो. तो मागे ओढला की ग्लायडरचे नाक वर उचलले जाते, पुढे ढकलला की खाली झुकते. डावीकडे वा उजवीकडे कलवला की पंख त्या बाजूला कलतात. पाय दोन पेडलांवर असतात आणि ते शेपटीवरचे सुकाणू फिरवतात. डाव्या हाताशी एक मूठ असते. ती मागे ओढली की पंखांवरच्या फळ्या उघडून हवेला अडथळा करतात आणि ग्लायडर वेगाने खाली येऊ लागते.

हेच सारे आज पुष्कळ मुले घरी टेबलाशी बसून करतात. संगणकावर विमान उडवण्याचा खेळ, उजव्या हाताशी जॉयस्टिक आणि डाव्या हाताशी थ्रॉटल, म्हणजे इंजिनाची शक्ती कमीजास्त करणारी मूठ. ही साधने हल्ली सुट्या भागांतही मिळतात. बैठक वेगळी, वरची मूठ वेगळी, स्प्रिंगा बदलता येण्याजोग्या, थ्रॉटल निराळा आणि पेडले निराळी. हवे ते भाग निवडून जोडावेत आणि आपल्या हाताला जुळवून घ्यावेत. पण भाग जोडणे हे निम्मेच काम झाले. उरलेले निम्मे काम आहे जुळणीचे, आणि तेथे नववी-दहावीचे गणित आणि विज्ञान नेमके कामी येते.

सळई, तार आणि आकडा

साध्या ग्लायडरमध्ये दांड्यापासून पंखापर्यंत आणि शेपटीपर्यंत सळया किंवा पोलादी तारा गेलेल्या असतात. हात हलला की सळई हलते आणि सळई हलली की शेपटीवरची फळी हलते. मध्ये दुसरे कोणी नाही. शिवाय हा व्यवहार दुहेरी असतो. फळीवर हवेचा दाब पडतो आणि तो सळईतून उलट वैमानिकाच्या हाताला जाणवतो. हवेचा हा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग ताशी ८० किलोमीटरवरून १६० झाला, तर तेवढीच फळी वळवायला ढोबळमानाने चौपट जोर लागेल. त्यामुळे वेगमापकाकडे न पाहताही मुरलेल्या वैमानिकाच्या हाताला वेग कळतो.

आता हडपसरहून लोहगावला चला. तेथील आकाशात गडगडाट करीत जाणारी सुखोई-३० एमकेआय विमाने तुम्ही पाहिली असतील. २००२ साली ही विमाने भारतीय हवाई दलात प्रथम दाखल झाली ती लोहगावलाच. अशा विमानात दांड्याची हालचाल सळईने शेपटीपर्यंत जात नाही. दांडा किती कलला हे एक संवेदक मोजतो. ते माप विजेच्या तारेतून संगणकाकडे जाते आणि फळ्या किती हलवायच्या ते संगणक ठरवतो. या पद्धतीला ‘फ्लाय-बाय-वायर’ म्हणतात. आपल्या तेजस विमानात तर असे चार मार्ग एकमेकांना समांतर ठेवलेले आहेत, म्हणजे एकाने चुकीचे माप दिले तर बाकीचे त्याला खोटे पाडू शकतात.

म्हणजे गंमत पाहा! तुमच्या टेबलावरची जॉयस्टिक ग्लायडरपेक्षा सुखोईच्या जवळची नातलग आहे. दोन्हींमध्ये हात आणि विमान यांच्या मध्ये एक आकडा उभा असतो. हाताने काय सांगितले हे विमानाला कळत नाही, आकड्याने काय सांगितले तेवढेच कळते. आकडा खोटा असला तर हात कितीही कसलेला असो, विमान चुकणारच.

हार्मोनियमच्या भात्यावरचे विमान

जमिनीवर बसून उडायला शिकण्याची कल्पना संगणकाच्या पुष्कळ आधीची आहे. अमेरिकेतील एडविन लिंक याच्या घरी ऑर्गन आणि स्वयंचलित पियानो बनवण्याचा कारखाना होता. हवेचे भाते कसे चालतात हे त्याला लहानपणापासून ठाऊक होते. १९२९ साली त्याने या भात्यांवर बसवलेले एक लुटुपुटीचे छोटे विमान तयार केले. आपल्या पेटीला असतो तसाच भाता, फक्त सूर काढण्याऐवजी तो बैठक डोलवत असे. आत बसून दांडा हलवला, की झडपा उघडत, भाते फुगत वा मिटत आणि सारे विमान कलत असे.

आरंभी लोकांना ते जत्रेतले खेळणे वाटले. पण १९३४ साली अमेरिकेच्या सैनिकी वैमानिकांवर टपाल वाहून नेण्याचे काम आले. ढगांत आणि रात्री केवळ उपकरणांकडे पाहून उडण्याची सवय नसल्यामुळे अनेक वैमानिक मृत्युमुखी पडले. त्यानंतर सैन्याने लिंकची यंत्रे विकत घेतली. दुसऱ्या महायुद्धात लाखो वैमानिकांनी त्यांवर धडे गिरवले. जमिनीवर केलेली चूक जीवावर बेतत नाही, हा या यंत्राचा मोठा गुण. मात्र त्याची दुसरी बाजूही लक्षात ठेवा. जमिनीवरच्या यंत्राची जुळणी चुकीची असेल, तर हाताला सवयही चुकीचीच लागते.

दांड्याच्या आत काय असते?

जॉयस्टिकची बैठक उघडून पाहिली तर आत एकमेकींशी काटकोनात बसवलेल्या दोन चौकटी दिसतात. एक चौकट पुढेमागे झुलते, दुसरी डावीउजवीकडे. जहाजावरचे होकायंत्र हेलकाव्यांतही आडवे राहावे म्हणून अशाच चौकटींत टांगतात. त्यामुळे दांडा कोठेही कलला तरी त्याच्या कलाचे दोन स्वतंत्र भाग पडतात. तुम्ही आलेखाच्या कागदावर एखाद्या बिंदूचे क्ष आणि य असे दोन निर्देशक काढता, तसाच हा प्रकार. प्रत्येक चौकटीला एक स्प्रिंग असते, ती दांड्याला मध्यावर परत आणते. आणि प्रत्येक चौकटीच्या आसावर एक संवेदक असतो, तो कोन मोजतो.

संवेदक मुख्यतः दोन प्रकारचे. पहिला पोटेन्शिओमीटर. रेडिओचा आवाज कमीजास्त करण्याचे बटण फिरवता ना, त्याच्यामागे हाच असतो. कार्बनच्या एका वक्र पट्टीच्या दोन टोकांना विजेचा दाब देतात आणि पट्टीवरून एक सरकता स्पर्शक फिरतो. स्पर्शक जेथे असेल त्या प्रमाणात त्याच्यावर दाब मिळतो. पट्टीला ५ व्होल्ट दिले आणि स्पर्शक बरोबर मध्यावर असला, तर २.५ व्होल्ट मिळतील. हा प्रकार स्वस्त आहे, पण पट्टी घासली जाते. जुन्या रेडिओचे बटण फिरवताना खरखर ऐकू येते ती याचमुळे. जॉयस्टिकमध्ये ही खरखर कानाला ऐकू येत नाही, पण पडद्यावरचे विमान उगाच थरथरते.

दुसरा प्रकार हॉल परिणामावर चालतो. १८७९ साली एडविन हॉल या संशोधकाला असे आढळले, की विद्युत्‌प्रवाह वाहणाऱ्या पातळ पट्टीवर काटकोनात चुंबकीय क्षेत्र लावले, तर पट्टीच्या दोन कडांमध्ये थोडासा विजेचा दाब निर्माण होतो. क्षेत्र बदलले की तो दाबही बदलतो. दांड्याच्या आसावर एक लहान चुंबक बसवायचा आणि जवळच हॉल संवेदक ठेवायचा. दोघांचा एकमेकांना स्पर्शच नाही, म्हणून घासण्याचा प्रश्न येत नाही. चांगल्या जॉयस्टिकमध्ये आज हाच प्रकार जास्त दिसतो.

स्वतः करून पाहा

विकतची साधने महाग पडतात, पण तत्त्व समजून घ्यायला ती घेण्याची गरज नाही. पुण्यात बुधवार पेठेतील तपकीर गल्लीत इलेक्ट्रॉनिक्सची दुकाने ओळीने आहेत. तेथे १० किलो-ओहमचे पोटेन्शिओमीटर मागा, पण ‘लिनिअर’ असे आवर्जून सांगा. त्यांवर बहुधा ‘बी १० के’ अशी खूण असते. आवाजाच्या बटणांसाठी वापरतात ते पुष्कळदा ‘ए’ खुणेचे असतात. त्यांच्यात फिरवलेला कोन आणि मिळणारा दाब समप्रमाणात नसतात, आणि आपले सारे गणित बिघडते.

याशिवाय एटीमेगा ३२यू४ या चिपचा एक छोटा बोर्ड लागेल. लिओनार्डो किंवा प्रो मायक्रो या नावांनी तो मिळतो. साध्या ऊनो बोर्डापेक्षा याचा फायदा असा, की यूएसबीने जोडल्यावर तो संगणकाला थेट ‘मी जॉयस्टिक आहे’ असे सांगू शकतो. ज्या शाळांत अटल टिंकरिंग लॅब आहे तेथे असे बोर्ड बहुधा सापडतील. पोटेन्शिओमीटरच्या तीन पायांपैकी बाहेरचे दोन अनुक्रमे ५ व्होल्ट आणि ग्राउंडला जोडायचे, मधला बोर्डाच्या ‘ए शून्य’ या टोकाला. हालचाल उलटी दिसली, तर बाहेरचे दोन पाय आपसांत बदलायचे. मात्र ५ व्होल्ट आणि ग्राउंड यांच्या तारा एकमेकींना चिकटू देऊ नका आणि डाग देण्याचे काम शिक्षकांसमोरच करा.

हा बोर्ड ० ते ५ व्होल्टचा दाब १,०२४ पायऱ्यांत मोजतो, म्हणजे ० ते १०२३ असे आकडे देतो. वाटते की हे पुष्कळ झाले. पण जरा हिशेब करू या.

पोटेन्शिओमीटर साधारण ३०० अंशांत फिरतो. दांडा मात्र मध्यापासून दोन्ही बाजूंना २०-२० अंश, म्हणजे एकूण ४० अंशच कलतो. दांडा थेट त्याच्या आसाला जोडला, तर १,०२४ पैकी सुमारे १३६ पायऱ्याच वापरल्या जातील. एक पायरी म्हणजे जवळजवळ ०.३ अंश. विमान धावपट्टीवर टेकवताना हातांची हालचाल फार बारीक असते. अशा वेळी विमान जिन्याच्या पायऱ्या उतरल्यासारखे धक्के खाईल.

यावर उपाय काय? दांडा आणि पोटेन्शिओमीटर यांच्यामध्ये पाचास एक अशी दंतचक्रे बसवा. आता ४० अंशांचे २०० अंश झाले आणि पायऱ्या झाल्या सुमारे ६८२. दंतचक्रांच्या दात्यांमध्ये फट राहिली तर दांडा हलूनही आकडा हलणार नाही, म्हणून ती घट्ट बसायला हवीत. दुसरा उपाय म्हणजे जास्त पायऱ्यांचे मोजमाप करणारी वेगळी चिप वापरणे. महाग जॉयस्टिकमध्ये तुम्ही पैसे मोजता ते बऱ्याच अंशी या बारीक पायऱ्यांसाठी आणि फटी नसलेल्या चौकटींसाठी.

मध्य कोठे आहे?

आता कॅलिब्रेशन, म्हणजे मापाची जुळणी. समजा, दांडा पूर्ण डावीकडे नेल्यावर आकडा १७६ आला, पूर्ण उजवीकडे ८५८ आणि सोडून दिल्यावर ५३०. खेळाला मात्र हवी असते -१ ते +१ अशी संख्या. हे रूपांतर कसे करायचे?

घाईने काम करणारा म्हणेल, १७६ आणि ८५८ यांची सरासरी काढा. ती येते ५१७, तोच मध्य. पण दांडा सोडल्यावर आकडा ५३० येतो! म्हणजे हात लावलेला नसताना विमानाला १३ पायऱ्यांचा उजवीकडचा हुकूम मिळत राहील. एका बाजूला ३४१ पायऱ्या धरल्या तर हा झाला जवळजवळ चार टक्के. विमान हळूहळू उजवीकडे कलत जाईल आणि खेळणारा ते सावरायला सतत डावीकडे किंचित जोर देत राहील. आठवडाभरात त्याच्या हाताला ती खोड जडेल आणि कारण कधीच लक्षात येणार नाही.

म्हणून मध्य वेगळा मोजायचा आणि दोन बाजूंचे हिशेब वेगळे ठेवायचे. उजवीकडचा पल्ला ८५८ वजा ५३० म्हणजे ३२८. डावीकडचा पल्ला ५३० वजा १७६ म्हणजे ३५४. आकडा ६९४ आला तर १६४ भागिले ३२८, म्हणजे +०.५. आकडा ३५३ आला तर १७७ भागिले ३५४, म्हणजे -०.५. आता दोन्ही बाजूंना अर्धा म्हणजे अर्धाच.

स्प्रिंग दांड्याला दर वेळी नेमकी त्याच जागी आणत नाही, हेही तुम्हांला दिसेल. डावीकडून सोडला तर ५२४, उजवीकडून सोडला तर ५३७, असे काहीतरी होते. हा घर्षणाचा परिणाम. म्हणून मध्याच्या दोन्ही बाजूंना एक लहानसा पट्टा ठेवतात, त्यातील आकडे शून्यच मानायचे. याला ‘डेडझोन’ किंवा निष्क्रिय पट्टा म्हणतात. आपल्या उदाहरणात आठ पायऱ्यांचा, म्हणजे अडीच टक्क्यांच्या आसपासचा पट्टा पुरे. काही जण थरथर दिसली की हा पट्टा दहा-पंधरा टक्के करून टाकतात. त्याने थरथर जाते, पण तिच्याबरोबर सगळ्यांत नाजूक हालचालींची जागाही जाते. आधी दोष शोधा, पोटेन्शिओमीटर झिजला आहे का, तार सैल आहे का ते पाहा, आणि पट्टा शेवटी वाढवा.

सरळ रेषा की वक्र?

आता सर्वांत महत्त्वाची जुळणी. दांडा निम्मा कलला तर विमानालाही निम्माच हुकूम द्यायला हवा का? तसे बंधन नाही. मध्याजवळ हालचाल मंद असावी आणि टोकाजवळ तीव्र, अशी सोय करता येते. त्यासाठी एक सोपे समीकरण वापरतात. दांड्याचा आकडा क्ष आणि विमानाला जाणारा आकडा य मानू. क्ष चा घन घ्यायचा, त्याला ०.६ ने गुणायचे, त्यात ०.४ गुणिले क्ष मिळवायचे, की य मिळतो.

क्ष ०.२ असताना य येतो सुमारे ०.०८. क्ष ०.५ असताना ०.२७५. क्ष ०.८ असताना सुमारे ०.६३. आणि क्ष १ असताना १. हे बिंदू आलेखाच्या कागदावर मांडून पाहा. मध्याजवळ रेषा सपाट आणि पुढे चढती दिसेल. घन का घेतला, वर्ग का नाही? क्ष ऋण असताना त्याचा वर्ग धन होतो, मग दांडा डावीकडे नेला तरी विमान उजवीकडे जायचे! घनाचे चिन्ह मात्र बदलत नाही. ०.६ ऐवजी ०.३ घेतले तर वक्र सौम्य होईल, ० घेतले तर सरळ रेषाच.

ही जुळणी किती गंभीर असते त्याची एक खरी हकीकत सांगण्यासारखी आहे. अमेरिकेत एफ-१६ या विमानाचा पहिला नमुना तयार झाला होता. त्याचा दांडा नेहमीसारखा हलत नसे, तर हाताचा दाब किती आहे ते मोजत असे. २० जानेवारी १९७४ रोजी एडवर्ड्स तळावर वैमानिक फिल ओस्ट्रिकर ते धावपट्टीवरून वेगाने फक्त पळवून पाहणार होता. उडायचे नव्हते. पण वेग वाढताच विमान डावीउजवीकडे डोलू लागले. हाताच्या दाबाला पंख हवे त्यापेक्षा फार जास्त प्रतिसाद देत होते. वैमानिक सावरायला जाई तो हुकूम अति होई, मग उलटा हुकूम, तोही अति. डोलणे वाढत गेले आणि विमान धावपट्टीवरून भरकटू लागले. तेव्हा ओस्ट्रिकरने निर्णय घेतला, की आता जमिनीवर राहण्यापेक्षा हवेत जाणे बरे. त्याने विमान उडवले, सहा मिनिटे हवेत ठेवले आणि सुखरूप उतरवले. ठरलेले पहिले उड्डाण त्यानंतर, २ फेब्रुवारीला झाले. त्याआधी अभियंत्यांनी काय बदलले? हाताचा दाब आणि पंखाचा प्रतिसाद यांचे गुणोत्तर कमी केले. पुढे त्या दांड्याला किंचित हलण्याचीही सोय दिली, कारण मुळीच न हलणाऱ्या दांड्यावर आपण किती जोर लावला आहे हे हाताला नीट उमगत नाही.

तुमच्या खेळात विमान उतरताना वरखाली हेलकावे खाऊ लागले, तर ही हकीकत आठवा. हात वाईट आहे असे लगेच समजू नका. आधी वक्र पाहा.

थ्रॉटलची गोष्ट निराळी

थ्रॉटलला स्प्रिंग नको. इंजिनाची शक्ती जेथे ठेवली तेथे राहायला हवी, हात काढला म्हणून ती कमी होऊन चालणार नाही. म्हणून तेथे घर्षण हवे. घरी बनवताना मुठीच्या खिळ्यावर नमद्याची किंवा जाड कापडाची चकती घालून नट कसला, तर हवे तेवढे घर्षण मिळते. थ्रॉटलला मधला निष्क्रिय पट्टाही नको आणि वक्रही नको, सरळ रेषाच बरी. मात्र दोन्ही टोकांना दोन-दोन टक्के सोडून द्या. नाहीतर मूठ शेवटपर्यंत ढकलूनही इंजिन ९८ टक्क्यांवरच राहील आणि धावपट्टी संपत आली तरी विमान उचलणार नाही.

विकतच्या थ्रॉटलमध्ये कधी एक मूठ असते, कधी दोन. सुखोईसारख्या दोन इंजिनांच्या विमानाला दोन मुठी लागतात, कारण एक इंजिन बिघडले तर दुसरे स्वतंत्रपणे चालवता आले पाहिजे. काही थ्रॉटलना वाटेत खाचही असते. तेथे मूठ अडते आणि अधिक जोर लावल्यावरच पुढे जाते. डोळे बाहेर असताना हाताला जागा कळावी, हा त्या खाचेचा हेतू. आणि ग्लायडर उडवायचे असेल तर हीच मूठ हवेच्या अडथळ्याच्या फळ्यांना जोडा. मागे ओढली की विमान उतरू लागते, हा अर्थ दोन्हीकडे सारखाच राहतो.

टेबल, तरफ आणि हाताची उंची

दांडा किती लांब असावा? हाताची मूठ आसापासून १० सेंटिमीटर वर असेल, तर हात १ सेंटिमीटर हलल्यावर दांडा सुमारे ५.७ अंश कलतो. मूठ ३० सेंटिमीटर वर असेल तर फक्त १.९ अंश. म्हणजे लांब दांड्याने आपोआपच बारीक काम साधते आणि वक्राची गरज कमी होते. म्हणूनच सुट्या भागांच्या जॉयस्टिकना लांबी वाढवणारा नळीचा तुकडा मिळतो.

पण तरफेचा नियम फुकट काही देत नाही. बैठक २ किलोग्रॅमची, म्हणजे सुमारे २० न्यूटन वजनाची आणि २० सेंटिमीटर रुंद आहे असे समजा. तिला कलंडू न देणारा आघूर्ण २० गुणिले ०.१, म्हणजे २ न्यूटन-मीटर. तुम्ही १० सेंटिमीटर उंचीवर १० न्यूटन जोर लावला, तर कलंडवणारा आघूर्ण १ न्यूटन-मीटर. बैठक जागची हलणार नाही. पण हाच जोर ३० सेंटिमीटर उंचीवर लावला, की ३ न्यूटन-मीटर झाले आणि सारे लटांबर उलटले! म्हणून लांब दांड्याची बैठक टेबलाला किंवा खुर्चीला शिकंज्याने आवळावीच लागते. बसल्यावर कोपर साधारण काटकोनात राहील आणि पुढचा हात मांडीवर टेकेल, अशा उंचीवर दांडा असला म्हणजे मनगट दुखत नाही.

परीक्षेचे उड्डाण

आता चाचणी. फ्लाइटगिअर नावाचा उड्डाणाचा कार्यक्रम विनामूल्य मिळतो. त्यात पुण्याच्या विमानतळाची सांकेतिक अक्षरे व्ही-ए-पी-ओ घाला. लोहगावची धावपट्टी १० आणि २८ या आकड्यांनी ओळखली जाते, म्हणजे तिच्या दिशा साधारण १०० आणि २८० अंशांच्या. समुद्रसपाटीपासून तिची उंची सुमारे ५९० मीटर. सेसना १७२ हे साधे विमान घ्या, वारा शून्य ठेवा आणि तीन चाचण्या करा.

पहिली, सरळ उडताना दांडा सोडा आणि अर्धा मिनिट पाहा. विमान दर वेळी एकाच बाजूला कलत असेल, तर दांडा सोडलेला असताना जुळणीच्या पडद्यावर आकडा शून्य आहे का ते तपासा. तो शून्यच असेल तर दोष दांड्याचा नाही. एका इंजिनाचे खरे विमानही पंख्याच्या फिरण्यामुळे थोडे एका बाजूला ओढ खाते. दुसरी, पंख बरोबर १० अंश कलवून एक पूर्ण वळण घ्या. कल सारखा मागेपुढे होत असेल तर वक्र आणि पायऱ्या तपासा. तिसरी, धावपट्टीवर पाच वेळा उतरा. प्रत्येक वेळी एकच जुळणी बदला आणि काय बदलले ते वहीत तारखेसह लिहा. एकदम तीन गोष्टी बदलल्या तर गुण कोणाचा आणि दोष कोणाचा हे कळणार नाही. प्रयोगशाळेतला नियम येथेही तोच आहे.

एवढे करूनही एक गोष्ट उरते. तुमच्या जॉयस्टिकची स्प्रिंग वेग ओळखत नाही. विमान ताशी ८० किलोमीटरने जावो वा ३००ने, तिचा जोर तोच. ग्लायडरचा दांडा हाताशी जे बोलतो ते ती बोलू शकत नाही, आणि उंचीवरच्या हवेतला पोटात उठणारा गोळाही ती देऊ शकत नाही. म्हणूनच खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत हवाई दलाच्या छात्रांना पडद्यापुरते न ठेवता सुपर डिमोना या मोटर-ग्लायडरमधून खरोखर आकाशात नेले गेले आहे. तुमच्या टेबलावरचा दांडा तुम्हांला वैमानिक करणार नाही. पण आकडा खरा आहे की खोटा हे तपासण्याची सवय तो नक्की लावील, आणि ती सवय वैमानिकाला, अभियंत्याला, डॉक्टरला, सगळ्यांनाच लागते.

सोडवून पाहा

१. दांड्याचे आकडे डावीकडे १४०, मध्यावर ५०० आणि उजवीकडे ९०० आहेत. आकडा ७०० आणि ३२० असताना खेळाला कोणत्या संख्या जातील?

२. वक्राच्या समीकरणात ०.६ आणि ०.४ ऐवजी ०.३ आणि ०.७ घेतले, तर क्ष ०.५ असताना य किती?

३. मूठ आसापासून २५ सेंटिमीटर वर आहे. हात १ सेंटिमीटर हलला तर दांडा किती अंश कलेल?

उत्तरे: १. +०.५ आणि -०.५. २. ०.३८७५. ३. सुमारे २.३ अंश.